तेलाखालचा खिळा

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी वरचेवर सांगतो आणि ऐकणाऱ्यांना त्याचा कंटाळा येतो, तेही मला ठाऊक आहे. पण ज्याच्या बापानं आणि आज्यानं जन्मभर सहीच्या जागी अंगठा उठवला, त्याला ते सांगावंसं वाटणारच. रहिमतपूरला आगगाडीत बसून मी सांगलीला गेलो, विश्रामबागेकडच्या एका खोलीत हातानं भाकरी थापून राहिलो आणि बी.एस्सी. झालो. तिथल्या प्रयोगशाळेत एक वायू तयार करावा लागे. त्याला सडक्या अंड्यांचा वास. सुट्टीत घरी आलो की आई माझे कपडे ओसरीच्या खालीच काढायला लावी. "डाक्तर व्हायला एवढं कुजावं लागतं व्हय रं?" असं विचारी. मी डॉक्टर होणार नाही, हे तिला किती वेळा समजावलं याला गणती नाही. शेवटी तिनं गावात सांगून टाकलं, "पोरगा वासाचं काय तरी शिकतोय."

म्हणजे शास्त्र घरात शिरलं की घरच्यांची काय गत होते, ते मी आधी माझ्याच घरी पाहिलं होतं. तरी मेढ्याकडच्या शाळेत मास्तर झाल्यावर मुलांच्या घरोघर प्रयोग धाडायची कल्पना माझीच.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. डोंगराच्या पायथ्याला एका जुन्या धर्मशाळेत नवी माध्यमिक शाळा निघाली होती आणि तिथं शास्त्र शिकवायला कुणी जायला तयार नव्हतं. मी गेलो. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात एक तराजू, चार-दोन काचेच्या नळ्या, एक भिंग आणि एक लोहचुंबक. चुंबकाचा जोर इतका ओसरला होता, की टाचणीला तो नुसती हाक मारी, यायचं की नाही ते टाचणीवर. पावसाळ्यात कौलं गळत आणि व्हरांड्यात गावच्या शेळ्या आसऱ्याला येत. संध्याकाळी ठेवलेली वस्तू सकाळी जागेवर सापडेल याचा भरवसा नव्हता.

पुस्तकात गंजाचा धडा होता. आमच्या जावळीच्या खोऱ्यात गंज कुणाला शिकवायची गरज नव्हती. आषाढ लागला की कपड्याला बुरशी, कोयत्याला गंज आणि माणसाला खोकला, हे ठरलेलं. मुलांना विचारलं, "लोखंड कशानं गंजतं?" तर सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "पान्यानं." पुस्तक म्हणत होतं, नुसत्या पाण्यानं नाही. पाणी आणि हवा दोन्ही लागतात. मला वाटलं, हे मी फळ्यावर लिहून दिलं तर मुलं पाठ करतील आणि मनात पाणीच धरून बसतील. त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

मेढ्याच्या बाजारात जुन्या बाटल्या-डबे विकणारे एक मुसलमान चाचा बसत. त्यांच्याकडून मी औषधाच्या रिकाम्या बाटल्या पिशवीभर घेतल्या. ते म्हणाले, "मास्तर, एवढं औषध कोण प्यालं म्हनून सांगायचं?" प्रत्येक मुलाला तीन बाटल्या आणि तीन नवे खिळे दिले. एका बाटलीत साधं पाणी, खिळा अर्धा बुडालेला. दुसरीत न विझवलेल्या चुन्याचा खडा आणि कोरडा खिळा, वर मेण लावलेलं बूच. चुना ओल ओढून घेतो, म्हणजे आत हवा आहे पण पाणी नाही. तिसरीत खूप उकळलेलं पाणी. उकळलं की पाण्यात मुरलेली हवा निघून जाते. त्यात खिळा सोडायचा आणि नवी हवा आत मुरू नये म्हणून पाण्यावर तेलाचा थर द्यायचा. बाटल्या घरी देवळीत ठेवायच्या आणि रोज बघायच्या. एवढंच.

घरोघर काय झालं ते ऐका. एकाच्या आज्यानं बूच उघडून चुना विझवला आणि तंबाखूला लावला. एकाच्या चुलत्यानं खिळे काढून भिंतीत ठोकले आणि त्यांवर घोंगडी टांगली. एकीच्या आईनं बाटल्या राखेनं घासून उन्हाची वाट बघत पालथ्या घातल्या. मुलं तोंडं पाडून सांगत. मी म्हणे, "पुन्हा लावा." दुसरं करणार काय?

वरच्या वर्गात एकच मुलगी होती. हवालदाराची मुलगी म्हणूनच तिला सगळे ओळखत. बाप लढाईभर ब्रह्मदेशात, आई इथं एकटी भातखाचरं सांभाळणारी. ही मुलगी फार बोलत नसे, पण सांगितलेलं काम सोडत नसे. तिच्या बाटल्या घरात टिकल्या होत्या. तेवढ्यात श्रावणात हवालदार रजेवर घरी आले.

मी वर्गात असताना ते शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. उंच, सरळ, मिशा कातरलेल्या. डोक्यावर इरलं, पण चालणं पलटणीतलं.

"शास्त्राचं मास्तर तुमीच?"

"हो. या की आत."

"आत न्हाई येत. ह्ये काय हाय, ते सांगा." त्यांनी हातातली चिंधी उलगडली. तीन खिळे होते, चांदीसारखे घासलेले. तेलाचा वास येत होता, पण घरातल्या तेलाचा नव्हे.

"खिळे आहेत."

"ते मलाबी दिसतंय. आत्ता खिळं हायेत. काल घरी आलो तवा ह्यातला एक गंजाचा गोळा हुता. माझी पोर लोखंड पान्यात घालती आन रोज सकाळी उठून बघती, कितपत गंजलं. म्हनती, शाळंत सांगितलंय."

"मीच सांगितलंय."

"मास्तर, ब्रह्मदेशात हिच्यापरीस लय पाऊस. तिथं माझ्या रायफलीच्या नळीत गंजाचा एक ठिपका दिसला असता, तर साहेबानं पाठीवर पिठ्ठूचं वझं दिऊन दिस मावळंस्तवर पळवला असता. आमी तिकडं जीव राखल्यावानी लोखंड राखायचं, आन तुमी हिकडं पोरास्नी गंज पाळाय शिकवताय?"

वर्ग हसला. कोंबडी पाळतात तसा गंज पाळायचा, हे पोरांना फार आवडलं. पुढच्या बाकावर त्यांची मुलगी मान खाली घालून बसली होती, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

मी समजावू लागलो, पण हवालदारांनी हात वर केला. "तुमचं बरं चाललंय, चालू द्या. पोर उद्यापास्नं येनार न्हाई." त्यांनी खिळे पुन्हा चिंधीत गुंडाळले. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. "ह्ये ऱ्हाऊ द्या. कामाचं हायेत," म्हणाले आणि गेले.

मुलगी खरंच आली नाही. रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. छत्री वाऱ्यानं उलटी झालेली, धोतर चिखलानं भरलेलं. तिची आई चुलीपुढून उठली आणि आत बघून म्हणाली, "आवं, मास्तर आल्यात." हवालदारांनी मला घोंगडी टाकून दिली. गुळाचा चहा आला. घरी आलेल्या माणसावर रागवायचं नाही, एवढी रीत ते पाळत होते.

"तुमी बी.एस्सी. म्हनं," ते म्हणाले. "त्यो हुद्दा सुभेदाराच्या वर का खाली?"

"मानानं वर, पगारानं खाली."

ते पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्यावर माझा राग न्हाई. गंजाचं झालं एक निमित्त. मी परत पल्टनीत जानार. ही बाई एकली किती करंल? भांगलनीला मानूस मिळंना. पोर हाताशी आली तर हिचं निम्मं वझं कमी. आन शाळंत जाऊन शेवटी काय, तर बाटलीतला खिळा बघायचा. हितं इळ्यावर गंज चढतोय, त्यो बघंना का फुकटात."

माझी आईही अशीच एकटी शेतातलं तण भांगलत होती, तेव्हा मी सांगलीत होतो. ते खरं बोलत होते.

तेव्हा दाराआडून मुलगी म्हणाली, "आबा, रायफलीला त्याल कशापायी लावत्यात?"

"हुकूम हाय म्हनून."

"पर हुकूम कशापायी?"

"गंज लागू नै म्हनून."

"मग त्याल लावल्यावर गंज का लागत न्हाई?"

हवालदारांनी चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "हुकमाला का म्हनून इचारत न्हाईत, बाय."

"शाळंत इचारत्यात," ती म्हणाली. बापाकडे बघत नव्हती, दाराच्या कडीकडे बघत होती. "नुसत्या पान्यानं लोखंड गंजत न्हाई. वारं लागतं. त्याल वारं आडवतं."

"पान्यानं गंजत न्हाई?" ते माझ्याकडे वळले. "कमरंइतक्या पान्यातनं मी गाड्या वढून काढल्यात, मास्तर. आन ही मला सांगती, पान्यानं गंजत न्हाई. तुमी शिकवलंय ह्ये?"

"हो."

"बरं. मग पैज. माझ्यासमोर लावायचं सगळं. मी जायच्या आत पान्यात बुडल्याला खिळा गंजला न्हाई, तर पोर शाळंत जाईल, मॅट्रिकपत्तुर. गंजला, तर शाळा बंद. परत ह्यो इषय काढायचा न्हाई. तुमीबी न्हाई."

मुलगी माझ्याकडे न बघताच "व्हय" म्हणाली. कॉलेजात चांगल्या काचेच्या भांड्यांतले प्रयोगही कधी कधी फसताना मी पाहिले होते. इथं एका पोरीचं शिक्षण औषधाच्या बाटलीत घातलं होतं.

तिनं सगळं नीट केलं. पाणी चुलीवर ठेवलं ते खळखळून आटत आलं तरी उतरवू दिलं नाही. बाटली आधी कोमट करून घेतली, नाही तर तडकली असती. गरम पाणी गळ्यापर्यंत भरलं. हवालदारांनी चिंधीतला एक खिळा स्वतः निवडला. त्याचं तेल तिनं राखेनं आणि गरम पाण्यानं काढून टाकलं, कारण बापानं नंतर म्हणायला नको, की माझ्याच तेलानं वाचला. मग आईकडे तेल मागितलं. कारळ्याचं तेल होतं, मागच्या सालच्या घाण्याचं, डब्याच्या तळाला गेलेलं. बाजारात तेल मिळायची तेव्हा मारामार. आईनं डबा तिरपा केला, थेंब थेंब ओतला आणि म्हणाली, "बास का आता? का खिळ्याला न्हानं घालनार हाईस?"

बाटली पुढच्या खोलीत देवाच्या फळीवर ठेवली. हवालदारांनी हुकूम सोडला, "हिला कुनी हात लावायचा न्हाई."

पुढचे दिवस मी शाळेत शिकवत होतो, पण चित्त त्या फळीवर. वाटेत कुणी भेटलं की म्हणे, "काय मास्तर, खिळा बरा हाय न्हवं?" आजारी माणसाची चौकशी करावी तशी. गावातले लोक मुद्दाम हवालदारांकडे चिलीम ओढायला जाऊन बाटली बघून येत. हवालदार सकाळी उठून बाटली उजेडात धरत आणि रायफलीची तपासणी करावी तशी चारी बाजूंनी बघत. खिळा चकचकीत होता. त्यांना ते पटत नव्हतं आणि ते तसं बोलूनही दाखवत. "आज न्हाई, तर उद्या. कुटं जातोय?"

रजा संपत आली तशी मला आशा वाटायला लागली. आणि मग एका संध्याकाळी त्यांच्याकडून निरोप आला, "मास्तरास्नी म्हनावं, येऊन जावा."

मी गेलो. बाटली जमिनीवर मधोमध ठेवली होती. पाणी गढूळ, तांबूस. खिळ्यावर तांबडी बुरशी धरल्यासारखा गंज. हवालदार भिंतीला टेकून बसले होते. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर नव्हता. "हरलासा, मास्तर," एवढंच म्हणाले.

मी खाली बसलो. मुलगी बाटलीपाशी उकिडवी बसली होती. डोळ्यांत पाणी होतं, पण ती बघायची थांबली नव्हती. तिनं करंगळी बाटलीच्या तोंडात घातली, पाण्याला टेकवली, मग अंगठ्यावर चोळून बघितली.

"त्याल कुटं गेलं?" ती म्हणाली.

चुलीत लाकूड तडतडत होतं.

"ह्यात त्याल न्हाई, आबा. बोट बुळबुळीत हुईना."

"मी काढलं," आई म्हणाली.

ती आमच्याकडे पाठ करूनच बोलत होती. "दिव्याला. डब्यातलं संपलं. परवा सांजच्याला दिवा लावाय गेले, तर थेंब न्हाई. समोर बाटलीत चांगलं त्याल तरंगत हुतं. खिळा तर खाली पान्यात. वरचं त्याल त्याला लागतबी न्हाई. म्हनलं, वरच्या वर कापसानं टिपून घेतलं तर काय बिघडतंय त्याचं?"

"एक दिस दिवा नसता लावला," हवालदार म्हणाले.

"नसता कसा? श्रावनभर दिवा बोलले हुते. तुमी जित्तं परत आलासा तर." मग चुलीत लाकूड सारत म्हणाली, "तुमच्याच जिवासाठी बोलल्याला दिवा. त्यो कसा इझू द्यायचा?"

हवालदारांनी तोंड फिरवलं. बराच वेळ ते फळीवरच्या दिव्याकडे बघत राहिले. तो त्या वेळी जळत होता.

मुलगी मात्र बाटलीतच गुंतली होती. "आबा, परवापत्तुर खिळा कसा हुता?"

"चकचकीत."

"तुमी बघितलासा?"

"रोज बघत हुतो. खोटं कशाला बोलू?"

"मग परवा त्याल काढलं, आन दोन दिसांत ह्यो असा झाला. पानी तेच, खिळा त्योच. काढलं काय? निस्तं त्याल. आन ते खिळ्याला लागतबी न्हवतं, आयच म्हनती."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. माझ्या तोंडात शब्द आले होते ते मी गिळले. मास्तरानं बोलायची ती वेळ नव्हती. उकळलेलं पाणी पण वर तेल नाही, अशी पुस्तकात नसलेली चौथी बाटली या घरानं नकळत लावली होती, आणि मला ती सुचली नसती असं नाही, पण सुचली नव्हती हे खरं.

हवालदारांनी बाटली उचलली. "म्हंजे त्याल दारावर उभं हुतं," ते सावकाश म्हणाले. "संत्र्यावानी. आतल्याला हात लावायचा न्हाई, पर भायेरनं कुनाला सोडायचं न्हाई." पहाऱ्यावरच्या शिपायाला पलटणीत संत्री म्हणतात.

"व्हय," मुलगी म्हणाली. "आन आयनं संत्री काढून न्हेला."

आई फणकाऱ्यानं म्हणाली, "माझं नाव कशाला घेताय मदी?" पण हवालदार हसत होते. मग गंभीर झाले. शिस्तीचा माणूस. "पर पैज ती पैज. खिळा गंजलाय."

तेव्हा आई चुलीपुढून उठून आली. इतक्या दिवसांत ती माझ्यासमोर बसली नव्हती, ती खाली बसली. "गंजला त्यो माझ्यापायी. हरले तर मी हरले, पोर न्हाई हरली. भांगलन माझी मी करीन. लढाईभर केली, आता काय नवीन हाय? तिला जाऊ द्या."

हवालदार उठले, आत जाऊन त्यांची लोखंडी पेटी उघडली आणि एक छोटी चपटी डबी घेऊन आले. शाळेत आले त्या दिवशी चिंधीला येत होता तो वास आला. रायफलीचं तेल.

"पानी उकळ," ते मुलीला म्हणाले. "परत लाव. ह्ये वत वर." मग बायकोकडे बघून म्हणाले, "ह्ये दिव्याला चालत न्हाई. लय धूर करतं. देवबी उठून जाईल."

बाटली पुन्हा फळीवर गेली. पण रजा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेढ्याहून साताऱ्याच्या मोटारीनं जायचे होते. मी निरोप द्यायला स्टँडवर गेलो. मला विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. मोटारीच्या पायरीवर पाय ठेवून तेच म्हणाले, "मी काय आता खिळा बघत न्हाई. पोर बघंल आन खरं काय ते सांगंल. गंजला तरी सांगंल, ती तशी हाय. सोमवारी शाळंत येईल."

ती आली. भांगलणीच्या दिवसांत उशिरा येई, पायांना पोटरीपर्यंत चिखल, आणि मागच्या दारानं आत येऊन बाकावर बसे. मी हजेरी घेताना तिच्या नावापाशी मुद्दाम रेंगाळत असे. दिवाळीच्या सुमारास तिच्या घरी गेलो तेव्हा फळीवर एका कडेला दिवा होता आणि दुसऱ्या कडेला ती बाटली. खिळा तसाच होता. आई म्हणाली, "आता फेकू का ती?" मुलगी म्हणाली, "आबा यीस्तवर ऱ्हाऊ दे."

पुढच्या सालच्या रजेत हवालदार पुन्हा शाळेच्या दारात आले. मी फळ्यापाशी होतो. या वेळी त्यांनी इरलं काढून भिंतीला टेकवलं.

"मास्तर, आत येऊ का?"

ते मागच्या बाकावर बसले. बाक ठेंगणा, गुडघे पोटाशी आले. पोरं माना वळवून बघू लागली. धडा संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग शाळेतल्या पोरासारखं बोट वर करून म्हणाले, "गाडीला रंग दिल्याला असतोय, वरनं सगळं ब्येस. तरी रंगाच्या आतनं गंज धरतोय. आत वारं कुटनं जातं?"

मी मुलीकडे बघितलं. ती आधीच उठून उभी राहिली होती.